दारावरची फुली

ग्रेस आठवते ती आधी कानांना: दाराच्या साखळीचा खळ्ळकन आवाज, आणि मग चार बोटांच्या फटीतून, माघातल्या पिवळ्या उन्हात चमकणारा तिचा एक डोळा. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा उग्र दर्प त्या जिन्यात दिवसभर कोंडलेला असे. त्याची तिला सवय झाली होती, दारावरच्या थापेची मात्र कधीच झाली नाही.

आम्ही आरोग्यसेविका गोवराच्या लसीसाठी घरोघर फिरत होतो. मूल लसीवाचून राहिलं, की दारावर खडूनं फुली मारायची. दुसऱ्या दिवशीची तुकडी फक्त फुलीची दारं पाहते. ग्रेस नायजेरियाहून आलेली, कडेवर दीड वर्षांची लेक. मला पाहताच तिनं दार लावून घेतलं. शेजारीण म्हणाली, "सोडा ओ ताई, ती काळी लोकं. आमी पन नाय बोलत त्यांच्याशी." मला राग यायला हवा होता, उलट सुटल्यासारखं वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते. फुली मारून मी खाली उतरले.

आठवड्याच्या आत तळमजल्यावरच्या पोराला गोवर निघाला. तुकडीच्या वहीत ग्रेसच्या खोलीची नोंदच नव्हती. धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेले, तर फुलीच्या जागी ओल्या फडक्याचा पांढुरका फराटा.

"पोलीस नहीं ना?" साखळीआडून तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "पूरे माले पे सिर्फ मेरा दरवाजा, दीदी. लगा, निकालने वाले हैं. मैंने पोंछ दिया."

का वाटू नये तिला तसं? त्या जिन्यात तिच्या वाट्याला दुसरं आलं तरी काय होतं? साखळी निघाली. लेक तिच्या खांद्यावर निपचित पडलेली, कानामागे लालसर पुरळ. तिच्या कपाळाला हात लावला, तर ते भाजत होतं. लस माझ्या निळ्या डब्यात गार होती, आणि आता तिचा काही उपयोग नव्हता.

रिक्षातून रुग्णालयात जाताना ग्रेस लेकीच्या तळहातावर नुसतं बोट फिरवत राहिली, जणू तिथून काही निसटू नये. चार दिवसांनी गेले, तर खोलीला कुलूप; ग्रेस खोली सोडून गेली होती. "पोरगी होती का बरोबर?" मी घरमालकाला विचारलं. "बघितलं नाय," तो म्हणाला.

काळ सगळी दारं हळूहळू लावून घेतो म्हणतात. माझ्या स्मरणातलं ते एक दार मात्र अजून साखळीएवढंच उघडं आहे, आणि आत मूल आहे की नाही, ते मला दिसत नाही.