थोरलीचा फ्रॉक

“याला कात्री लावायला सांगू नका मला,” शिवणवाल्या मावशी म्हणाल्या.

“मग काय, कपाटात कसर लागू देऊ? एकदाच तर घातला होता तिनं.” आईनं धाकटीला पुढे केलं. “उभी राहा सरळ. ताईसारखी.”

निळा फ्रॉक मावशींनीच शिवला होता. थोरली वाढत्या अंगाची, म्हणून खाली चांगली रुंद दुमड ठेवली होती. पुढच्या वर्षी सोडायची म्हणून. पुढचं वर्ष आलं, पण त्याआधीच थोरली तापात गेली. दुमड तशीच राहिली.

धाकटीच्या खांद्यांवरून फ्रॉक ओघळत होता. उंचीला मात्र ती थोरलीएवढीच भरत होती. मावशींना नवल वाटलं. भिंतीवरचा आरसा कमरेखालचं दाखवत नसे. आई त्यातच टक लावून बघत होती. मावशींनीही वर पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू थांबला. मान किंचित कललेली, ओठ घट्ट मिटलेले. आरशात थोरली उभी होती.

“आली की नाही?” आई कुजबुजली.

मावशी टेप घेऊन खाली बसल्या, तेव्हा त्यांना धाकटीचे पाय दिसले. पोर चवड्यांवर उभी होती. पोटऱ्या थरथरत होत्या.

“टाचा टेक गं बाळा.”

“नको,” धाकटी हळूच म्हणाली. “टेकल्या की मीच होते. मग आई बघत नाही.”

“मावशी, टाचण्या लावा ना. काय चाललंय?” आई वरून म्हणाली.

“लावते. आधी इथं खाली बसा. आरशात नका बघू, इथं बघा.”

“काय बघू?”

“फ्रॉक काय, आत्ता लहान करून देते. पण पोरीनं असं किती दिवस उभं राहायचं, तेवढं सांगा.”

आई बसली. बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग दोन्ही तळव्यांनी तिनं त्या टाचा धरल्या आणि हळूहळू जमिनीला टेकवल्या. धाकटी पुन्हा आपल्या उंचीची झाली.

“आई, गुदगुल्या होतात!” धाकटी खिदळली.

मावशींनी टेप गुंडाळून ठेवला. फ्रॉकची घडी आईनंच घातली; न सोडलेल्या दुमडीवरून अंगठा फिरवत.

मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. धाकटी चपला फटफट आपटत पुढे चालली होती. तिच्यामागून आई, फ्रॉक छातीशी धरून, पावलांचा जराही आवाज न करता.