डाव्या हाताचा नियम

बेलापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या आप्पासाहेब वर्पे सरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक, प्रयोगाच्या कपाटातला नालाच्या आकाराचा चुंबक, जो त्यांनी नगरहून स्वतः पिशवीत घालून आणला होता. आणि दुसरी, फिलोमिनाचा उजवा हात.

फिलोमिना ही शांतवन गवंड्याची मुलगी. आठवीत आली तेव्हा डाव्या हातानं लिहायची आणि अक्षर असं, की बघत राहावं. पण सरस्वतीपूजनाला पोरीनं प्रसादासाठी डावा हात पुढं केला आणि सरांचं डोकं फिरलं. तेव्हापासून डाव्या हातात पेन दिसला, की त्याच हातावर छडी. वर्षभरात पोर सुधारली. अक्षराची पार रया गेली, पण ते उजव्या हाताचं झालं. सर तिची वही सगळ्या मास्तरांना कौतुकानं दाखवायचे.

अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, तारेचा धडा आला. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तार झोक्यासारखी टांगायची. तिच्यातून वीज सोडली की ती टुणकन एका बाजूला सरकते, नालाच्या आत नाही तर बाहेर. कुठल्या बाजूला, ते डावा हात सांगतो. तर्जनी चुंबकाच्या उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडं, मधलं बोट वीज जाते तिकडं, मग अंगठा दाखवील तिकडं तार जाणार. हेच उजव्या हातानं केलं तर उत्तर नेमकं उलटं येतं.

"सगळ्यांनी डावा हात वर करा," सर म्हणाले. वर्गभर हात वर झाले. फिलोमिनानं तेवढा आपला मांडीखाली दाबून धरला. सरांनी ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. छडी वाया गेली नव्हती.

त्या थंडीत नगरच्या मुलींच्या वसतिगृहातून एक बाई आल्या. कॉलेजात सायन्सला जाणारी एक मुलगी त्यांना वसतिगृहात ठेवायला निवडायची होती. फिलोमिनाचं नाव सरांनीच सुचवलं होतं. शांतवननं आधीच सांगून ठेवलेलं, "बाईंनी निवडली तर जाईल नगरला. न्हाई तर राहात्याचं स्थळ आलंय, उन्हाळ्यात लगीन." आज तोही चुन्याचे हात धुऊन दाराशी उभा होता.

फिलोमिनानं तार टांगली, टॉर्चचे सेल जोडले. सगळं नीटनेटकं. बाई खूश दिसल्या. त्यांनी सेल उलटे फिरवले आणि विचारलं, "आता तार कुठं जाईल? आधी सांग, मग बटण दाब."

पोरीनं एकदा सरांकडं पाहिलं. डावा हात पाठीमागं नेला आणि उजव्या हाताची बोटं धरली. "भाईर," ती म्हणाली. बटण दाबलं. तार आत गेली.

बाईंनी आता चुंबक उलटा केला. "आत," फिलोमिना म्हणाली. तार बाहेर आली. सरांचा जीव टांगणीला लागला. अगं, डावा, डावा, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

"दर वेळी नेमकं उलटं येतंय," बाई म्हणाल्या. "नियम कुठल्या हाताचा आहे?"

"डाव्या."

"मग डावा हात काढ की पुढं."

फिलोमिनानं हात पुढं केला. तळवा वर, बोटं ताठ, आणि डोळे गच्च मिटलेले.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांना उमगलं. "तुला मारतात का गं या हातावर?"

"न्हाई," ती डोळे न उघडताच म्हणाली.

दारातून शांतवन पुढं झाला. पोरीनं काही आगळीक केली, असं त्याला वाटलं असावं. हात जोडून म्हणाला, "बाई, लई डावरी हुती ती. सरांनी लई कष्ट घेतले तिच्या हातावर. आमी लई उपकार मानतो त्यांचे."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन वर्षं आपण कौतुकानं मिरवत होतो ते काय, हे त्यांना त्या पुढं आलेल्या तळव्यावर स्वच्छ दिसत होतं.

"बाई, चूक तिची नाही, माझी आहे," ते म्हणाले. "मी समोर असेपर्यंत तिचा तो हात उठायचा नाही. मी बाहेर थांबतो. तुम्ही तिला पुन्हा विचारा."

ते व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग आतून बटणाचा आवाज आला, आणि त्याच्या आधी फिलोमिनाचा.

"आत."

बाई हसल्या. पुन्हा काहीतरी उलटंपालटं केल्याची खुडबुड झाली.

"भाईर."

"बरोबर. आता?"

"भाईर. न्हाई न्हाई, थांबा. आत."

"बरोबर."

शांतवन वर्गातली खुर्ची उचलून व्हरांड्यात घेऊन आला. "बसा ना सर," तो म्हणाला. "तुमी कशाला उभं ऱ्हायचं?"

सर बसले नाहीत.