फाट्यावरचा फ्लेक्स

सोमवारी सकाळी साडेदहाला मेल आला. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीने निकिता दरंदलेची रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली होती. नवी तारीख दिली नव्हती. भरती तूर्तास गोठवली आहे, एवढंच कारण होतं, आणि संयमाबद्दल तिचे आगाऊ आभार मानले होते.

निकिता नेवासा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होती. या ऑफरच्या भरवशावर तिने तिथला राजीनामा दिला होता.

गावची रीत अशी, की कुणाला नोकरी लागली की सत्कार होतो आणि फाट्यावर फ्लेक्स लागतो. रुजू होईपर्यंत थांबा, असं ती सरपंच काकासाहेबांना म्हणाली होती. "ऑर्डर हातात हाय ना? मग थांबायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स चढवला. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे त्यावर काकासाहेबांचा फोटो निकितापेक्षा मोठा होता. त्या फ्लेक्सचा फोटो कंपनीने आपल्या पेजवर टाकला. वर लिहिलं, 'आमच्या परिवारात स्वागत.'

मेल वाचल्यावर तिने पहिला फोन केला तो कारखान्याचे चीफ केमिस्ट फैयाजसर यांना.

"तुझा राजीनामा मी टेबलातच ठेवला होता," सर म्हणाले. "म्हटलं, काही मागंपुढं झालं तर असावं. पण एमडीसाहेबांनी फाट्यावर फ्लेक्स बघितला. मला म्हणाले, पोरगी तिकडं निघाली, तुम्ही कागद कशाला दाबून बसलात? मंजूर करून टाकला."

"मग आता, सर?"

"गुरुवारी बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे. हंगामाला माणूस मला पाहिजेच. साहेब परत घ्यायला तयार आहेत, पण त्या कंपनीत तुझं आता काही नाही, असं त्यांच्या लेटरहेडवर पाहिजे. गाळप भरात असताना तू निघून गेलीस तर मी काय करू?"

अट वाजवी होती. मंगळवारी ती वडिलांना, कानिफनाथांना घेऊन सुप्याला गेली. एचआरच्या पूजा मॅडमनी दोघांना काचेच्या खोलीत बसवलं.

"तुमची ऑफर रद्द झालेली नाही, निकिता. होल्डवर आहे."

"कधीपर्यंत?"

"ते हेड ऑफिस ठरवतं."

"मग रद्द केल्याचं पत्र द्या. माझी जुनी नोकरी मला परत मिळतेय."

"रद्दच केलेली नाही, तर पत्र कसं देऊ? आणि असं पत्र मागितलंत, तर भरती सुरू झाल्यावर तुमचा विचार होणं अवघड जाईल."

निकिताने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "मग हा फोटो तरी काढा."

"ते सोशल मीडियावाले बघतात. पण छान प्रतिसाद आहे हं त्याला."

कानिफनाथ पुढे सरकून बोलले. "मॅडम, बाजारात बैलाचा इसार दिला अन् ठरल्या दिवशी न्यायला कुनी आलं न्हाई, तर इसार बुडतो अन् मालक बैल दुसऱ्याला इकायला मोकळा व्हतो. तुमी इसारबी दिला न्हाई, नेतबी न्हाई अन् सोडतबी न्हाई. ही कोनत्या बाजारातली रीत?"

"काका, पाणी घेणार?"

"पानी घरून पिऊन आलोय."

निकिताला बैलाची उपमा रुचली नाही, पण त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडेना.

गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून तिने मेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात 'विनंती' हा शब्द चार वेळा आला. तिने चारही खोडले. गुरुवारी सकाळपर्यंत रुजू होण्याची तारीख द्या, नाहीतर ऑफर रद्द केल्याचं पत्र द्या. दोन्ही देणार नसाल तर माझा फोटो वापरायची परवानगी मी काढून घेते आहे. मेलची प्रत तिने फैयाजसरांना पाठवली.

"कडक झालं का?" तिने वडिलांना विचारलं.

"मी असतो तर अजून दोन शब्द घातले असते. ते लिवता आले नसते."

संध्याकाळी ती फ्लेक्स उतरवायला फाट्यावर गेली, तर काकासाहेब आडवे आले. "आता काढला तर लोक म्हनतील, पोरीला हाकलली. राहू दे चार दिवस."

"लोक काय म्हणतील ते मी ऐकीन, काकासाहेब. तुमच्या फोटोचं काय होईल, ते आधी सांगा."

काकासाहेब हसले. फ्लेक्स मात्र त्यांनी काढू दिला नाही.

गुरुवारी सकाळी बॉयलर पेटला. दुपारी फैयाजसरांचा फोन आला. साहेबांना मेल दाखवला होता. "म्हणाले, हे तर पोरीचं म्हणणं झालं. कंपनीचं कुठाय? शनिवारी दुसऱ्या एकाला मुलाखतीला बोलावलंय. तोवर काही आलं तर बघ."

कंपनीकडून मेल मिळाल्याची पोच तेवढी आली आहे. फोटो अजून पेजवर आहे. त्याखाली गावातल्या कुणीतरी विचारलं आहे, ताई कधी रुजू होणार? खाली कंपनीने हात जोडल्याचं चित्र टाकून उत्तर दिलं आहे: 'लवकरच.'