फटके खाल्लेला अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे, पण मला साधासुधा समजू नका! भर दरबारात मी फटके खाल्ले आहेत आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

जुन्या इराणी राजांच्या शूश नगरीतल्या विणकर बायांनी मला जांभळ्या लोकरीत विणले. महाराजांनी मला स्वतःच्या हाताने बगपातांच्या खांद्यावर घातले. बगपात म्हणजे हजारपती, राजद्वारावरच्या हजार भालेकऱ्यांचे सरदार. त्यांच्या परवानगीशिवाय चिटपाखरूही आत जात नसे. माझ्या बाह्या पंजाच्याही पुढे लोंबत. शस्त्र उपसता येऊ नये म्हणून महाराजांसमोर हात बाह्यांतच ठेवायचे. हात बाहेर दिसला की मान गेलीच! बगपातच हे सर्वांना दरडावून सांगत.

एका सणाला महाराजांचा चिमुकला नातू दाईचे बोट सोडून पळत सुटला, तो थेट धुपाच्या उंच शेगडीवर आदळला. शेगडी कलंडली. अन् सर्रकन माझ्या बाह्यांतून दोन हात बाहेर आले! बगपातांनी पोराला वरच्यावर उचलले, तोच निखारे जमिनीवर सांडले.

दुय्यम सरदार तीरदात कुजबुजला, "सरदार, हात आत घ्या हो!"

"आता काय उपयोग, बाबा? सगळ्यांनी बघितलंय. पकड मला."

महाराज गरजले, "पोराला उचलायला दुसरं कुणी नव्हतं?"

"पुष्कळ होते, महाराज. पण सगळ्यांचे हात बाह्यांत होते."

माझी शिवण न् शिवण थरथरत होती. महाराजांनी नातवाला कुठे भाजले नाही ना, ते पाहिले. मग म्हणाले, "नियमानं तुझी मान घ्यायला हवी. पण बारीकसारीक चुकीला आपण थोरांच्या कपड्यांना फटके देतो. तेवढंच देऊ. काढा तो अंगरखा!"

मला खांबाला बांधले. चाबूक कडाडला. दर फटक्याला बगपात असे दचकत, की जणू तो त्यांच्याच पाठीवर बसला. मी मात्र मनात ओरडत होतो, मारा, हवे तेवढे मारा, यांना सोडा! शेवटी माझी उजवी बाही उसवली.

घरी बाईसाहेबांनी सुईदोरा घेतला. "राहू दे गं," बगपात म्हणाले.

पुढच्या दरबारात तो नातू हळूच शेजारी येऊन उभा राहिला. उसवलेल्या जागेतून त्याने इवलासा हात आत सारला आणि बगपातांचे बोट धरले. बगपातांचे हात तर बाह्यांतच होते! महाराजांनी पाहिले आणि हसू लपवायला मान वळवली.

आता बगपात नाहीत. मी त्यांच्या लेकीच्या पेटीत असतो. मित्रांनो, घरातल्या जुन्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. माझीही तेवढी काळजी घ्या, पण ती बाही कधी शिवू नका. दाढीमिशा आलेला तो नातू अजूनही येतो, पेटी उघडतो आणि त्या फटीत हात घालून बघतो. आता त्याची दोनच बोटे आत जातात.