गार पाण्याची कोठी

मित्रांनो, मी एक जुना वॉटर चिलर आहे. नाव इंग्रजी असलं तरी माझा जन्म अमरावतीचा, वलगाव रोडवरच्या एका पत्र्याच्या खोलीतला. माझ्या अंगावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही आणि सोबत वापराचं पुस्तकही आलं नव्हतं. पाणी गार करायचं आणि ते नळीतून एका कॉम्प्युटरच्या अंगात फिरवायचं, एवढंच माझं काम. माणसं फ्रीजचं पाणी पितात, मी ते यंत्राला पाजत होतो असं समजा. काही जणांना हे ऐकून हसू येतं. खुशाल हसा. पण ज्याने वऱ्हाडातल्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढली आहे, तो हसणार नाही.

मला घडवणारे दाऊदमिस्त्री. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचे, कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. पण माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनच कापसाला आणि कापूसवाल्यांना फार वाईट दिवस आले होते. खेड्यांत लग्नं पुढे ढकलली जात, आणि लग्नच नाही तर नवी गादी कोण भरणार? म्हणून दाऊदमिस्त्रींनी पिंजण खुंटीला टांगलं आणि फ्रीज-कूलर दुरुस्तीचं काम धरलं. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून ते सगळं शहर पालथं घालत. बोलणं मोजकं, पण हातात जादू. माझ्या बापाचं कौतुक मी करणार नाही तर कोण करणार!

त्यांची एकुलती एक मुलगी शाहीन. तिने दोन वर्षं क्लास लावून कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढायला शिकून घेतलं होतं. एप्रिल सरता सरता पुण्याच्या एका कंपनीने तिला कळवलं की, एक मिनिटाची फिल्म स्वतः तयार करून पंचवीस मेच्या आत पाठवा, पसंत पडली तर नोकरी पक्की. शाहीनने गोष्ट घेतली एका चिमणीची. ही चिमणी पिंजाऱ्याच्या पिंजणावरच घरटं बांधायचा हट्ट धरते. गोष्ट एवढीशी, पण एका मिनिटाला पंधराशे चित्रं लागतात. एकेक चित्र पुरं करायला शाहीनचा जुना कॉम्प्युटर दहा दहा मिनिटं घेई. म्हणजे दिवसरात्र यंत्र चालू ठेवलं तरी दहा दिवसांवर काम. आणि ते यंत्र तर सकाळी अकराच्या पुढे झीट आल्यासारखं बंद पडायचं.

"अब्बू, पंखा लावला, बाजूचा पत्रा काढला, तरी बंद पडून राहिलं," शाहीन रडकुंडीला येऊन म्हणाली. त्या घरात अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी चालते.

दाऊदमिस्त्रींनी कॉम्प्युटरच्या पोटात बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "खोलीतली हवाच गरम हाये. पंखा गरम हवाच फेकून राहिला. याले गार पाणी लागते."

"कॉम्प्युटरले पाणी?" जहाँआराबीने, म्हणजे शाहीनच्या आईने, कपाळाला हात लावला. "दोघं बापलेक शॉक लागून मराल!"

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. शाहीनने पुण्याला जावं असं दाऊदमिस्त्रींना वाटत नव्हतं. पत्र आलं त्या दिवशी ते एकदाच म्हणाले होते, "अमरावतीत काही काम नाही भेटत का?" शाहीन म्हणाली, "नाही भेटत." त्यावर ते गप्प झाले. पण ते गप्प राहणं शाहीनच्या मनात घर करून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाऊदमिस्त्री एसटीने अकोल्याला गेले. तिथल्या भंगारवाल्याकडून एका सरबतवाल्याच्या मोडक्या फ्रीजचा कॉम्प्रेसर घेऊन आले. ते माझं काळीज. जहाँआराबीने कुरकुर करत का होईना, ज्वारीची पत्र्याची कोठी रिकामी करून दिली. ते माझं पोट. पोटाला आतून थर्माकोल लावलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं आत बसवलं, कोठी पाण्याने भरली आणि कूलरचा छोटा पंप तळाशी ठेवला. तांब्याचा एक जाड तुकडा लेथवर घासून, आतून पोकळ करून, त्याची बर्फीच्या वडीएवढी पेटी केली. ही वडी कॉम्प्युटरच्या सगळ्यात तापट भागावर घट्ट बसली. माझं गार पाणी नळीतून वडीत जायचं, तिथली आग पिऊन परत माझ्याकडे यायचं. चार दिवस मिस्त्री दुसरं काम घ्यायला गेलेच नाहीत.

राहिली माझी नळी. गार पाणी कोठीतून कॉम्प्युटरपर्यंत जाताना वाटेतच तापलं तर काय उपयोग? तिला काहीतरी पांघरूण हवं होतं. दाऊदमिस्त्रींचे जुने दोस्त सहदेव वलगावहून भाजी घेऊन बाजारात येत. ते म्हणाले, "दाऊद, माह्या घरात कापसानं बसाले जागा नाही. पार आढ्याले लागला. भाव भेटन तवा भेटन. तुले पायजे तेवढा ने ना बाप्पा!"

मग काय विचारता! पिंजाऱ्याच्या पोराला कापूस मिळाला. दाऊदमिस्त्रींनी सरकी वेचून काढली आणि कित्येक वर्षांनी खुंटीवरचं पिंजण खाली घेतलं. टुंग टुंग आवाज घुमला, कापूस फुलला, आणि माझ्या नळीला त्यांनी बोटभर जाडीचा थर देऊन सुतळीने बांधला. "थंडीत रजई माणसाची ऊब धरून ठेवते," ते म्हणाले, "तशी हे याची थंडी धरून ठेवीन." मी एखाद्या नवरदेवासारखा दिसत होतो. मला फार फार बरं वाटलं.

आणि मित्रांनो, मी चाललो! अकरा मेला सकाळी शाहीनने कॉम्प्युटर सुरू केला तो बंद पडायचं नावच घेईना. बाहेर पंचेचाळीसवर पारा आणि आत चिमणी काडी काडी उचलते आहे. शेजारीपाजारी मला बघायला येत. झाकण उघडून पाण्यात बोट बुडवत आणि "बर्फ हाये राजेहो!" म्हणत. त्या काळी तासन्‌तास लोडशेडिंग असे. वीज गेली की कॉम्प्युटर आणि माझा पंप इन्व्हर्टरवर चालायचे. कॉम्प्रेसर काही त्याला झेपत नसे. पण माझ्या पोटात कोठीभर गार पाणी साठलेलं. त्याच्या जोरावर मी वीज येईपर्यंत खिंड लढवायचो. कारखान्यात बनलेल्या चकचकीत यंत्राला हे जमलं असतं का, सांगा बरं! मला थोडा गर्व झाला होता, हे मी नाकारत नाही.

वीस मेला दुपारी तो उतरला.

अकराशेच्या वर चित्रं झाली होती. त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. शाहीन घामाने निथळत कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिची अम्मी बघत होती आणि तिचा जीव तुटत होता. माझ्यासाठी एवढा थाटमाट, आणि पोरीच्या अंगाला वारा नाही! तिने बाहेरच्या खोलीतला कूलर ढकलत आणला आणि त्याचं तोंड शाहीनकडे करून लावून दिला. वाळ्याचा वास सुटला, खोली ओलसर गार झाली, शाहीनने समाधानाने डोळे मिटले. आईने केलेलं ते. त्यात वाईट काय होतं?

पण कूलरची हवा म्हणजे पाण्याने भरलेली हवा. थंड पाण्याच्या स्टीलच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, तसा माझ्या नळीला कापसाच्या आत घाम फुटला. कोरड्या हवेत इतके दिवस काही झालं नव्हतं. आता कापूस ते पाणी पीत गेला, पीत गेला, जड झाला, आणि त्याच्या टोकावरून एक थेंब कॉम्प्युटरच्या पोटात पडला. मग दुसरा. मला सगळं कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. पडद्यावरची चिमणी एकदम नाहीशी झाली.

दाऊदमिस्त्री जेवायला घरी येतच होते; शाहीनचं ओरडणं ऐकून ते सायकल टाकून धावत आत आले. शाहीनच्या हातात तो ओला कापूस होता. तिचे डोळे भरले होते. आणि ती बोलून गेली.

"तुमाले मी जाऊच नये असं वाटते, अब्बू. म्हणून हे असं कच्चं बनवलं!"

जहाँआराबीने पदर तोंडाला लावला. कूलर आपणच आणला हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण दाऊदमिस्त्रींनी हातानेच तिला थांबवलं. त्यांनी पोरीच्या हातातला कापूस घेतला, पिळला, जमिनीवर पडलेलं पाणी पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. ते एवढंच म्हणाले, "कापसावर मी भरोसा टाकला. रजई कोरडी असते तवरच रजई. चूक माहीच हाये."

मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं की, शाहीन, या माणसाने माझा एकेक सांधा दहादा तपासला आहे! पण यंत्राला तोंड कुठे असतं?

कूलर बंद झाला. कॉम्प्युटर उघडून त्याचे भाग अंगणात सावलीत ठेवले. ज्या उन्हाशी आमचं वैर, त्याच्याच झळांनी घंट्या-दोन घंट्यांत सगळं खडखडीत वाळवून दिलं. चित्रं डिस्कमध्ये जपलेली होती, ती वाचली. आता प्रश्न माझ्या नळीचा. नवा कापूस गुंडाळला तरी ओली हवा आत शिरता कामा नये, म्हणजे वरून रबर हवं. भर दुपारी बाजार बंद. दाऊदमिस्त्रींनी स्वतःची सायकल उलटी केली, दोन्ही चाकांच्या ट्यूब काढल्या, कात्रीने उभ्या चिरल्या आणि कोरड्या कापसावर घट्ट लपेटून पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवल्या. कुठे फट राहिली तर नाही ना, हे बोट फिरवून तीनदा पाहिलं. चार वाजता चिमणी पुन्हा पडद्यावर आली. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून पायीच कामाला निघाले. शाहीन दारापर्यंत गेली, पण काही बोलली नाही. बापलेकीत एकदा शब्द अडकला की तो गाळातल्या बैलगाडीसारखा अडकतो.

मित्रांनो, मी त्यानंतर डोळ्यांत तेल घालून काम केलं. चोवीसच्या दुपारी पंधराशेवं चित्र झालं. चिमणी घरट्यात बसली. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने डिस्क पुण्याला गेली, आणि दहा दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. सगळ्या गल्लीत शेवया वाटल्या गेल्या. जूनमध्ये शाहीन कॉम्प्युटर घेऊन गेली. मी मागे राहिलो. पुण्यात त्यांच्या ऑफिसात खोल्याच गार असतात म्हणे.

पुढचं सांगायला जड जातं. कुठल्याशा सांध्यातून माझा गॅस उडून गेला. कोणी भरला नाही, कारण मला कामच नव्हतं. जहाँआराबीने माझ्या पोटात कांदे ठेवायला सुरुवात केली. ज्या पोटात गारवा साठवला, त्यात कांद्याचा वास! भंगारवाला दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा दाऊदमिस्त्री "देणं नाही" म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. शाहीन सणाला यायची, हसायची, खायची, परत जायची. त्या दुपारचा विषय मात्र दोघंही टाळायचे.

तिसऱ्या वर्षी ईदला आली तेव्हा ती कांदे काढायला माझ्याजवळ बसली. कांदे तसेच राहिले. तिने ओढणीच्या टोकाने माझ्या नळीवरची धूळ पुसली, आणि बाहेर पान लावत बसलेल्या बापाला मान खाली घालूनच म्हणाली, "अब्बू, त्या दिवशी मी लय खराब बोलली."

दाऊदमिस्त्री उठून आत आले आणि तिच्यापाशी खाली बसले.

"खराब नाही, खरंच बोलली तू," ते म्हणाले. "तुले पाठवाचं मन नव्हतंच माहं."

शाहीनने चमकून वर पाहिलं. "मंग एवढं खपून काहून बनवलं?"

"मन नव्हतं म्हणूनच. थोडंही कच्चं राहिलं असतं ना बेटा, तं मलेच जन्मभर वाटलं असतं का, बापानं मुद्दाम केलं."

शाहीनने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती लहान पोरीसारखी रडली. मिस्त्री तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. जहाँआराबी दारात उभी होती. ती म्हणाली, "कूलर मी लावला होता वं." त्यावर तिघंही रडता रडता हसले.

मित्रांनो, मला पुन्हा चालू करा असं मी म्हणत नाही. माझे दिवस झाले, कांदे तर कांदे. पण घरातली वस्तू बिघडली तर आधी बिघाड शोधा, माणसाला दोष देऊ नका. आणि जे हात तुमच्यासाठी राबतात, त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनाच जाऊन विचारा. शाहीनला विचारायला तीन वर्षं लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका.