घनश्यामजींच्या ढोलकीची धूम

मी बारा इंचांचा सबवूफर बोलतोय. मुक्काम एकोडी, मंगेशच्या गाडीची डिकी. गाण्यातले शब्द, बासरी, टाळ हे माझं काम नाही. ते दारांतले छोटे स्पीकर बघतात. छातीत दणका बसतो ना, तेवढाच माझा.

मंगेशने मला साकोलीहून हौसेने आणलं. सोबतचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्याने खोक्यावरचा आकडा बघून घेतला. तीन हजार वॉट! ही माणसं सोयरीक जुळवताना दहा घरी चौकशी करतात, पण यंत्राच्या खोक्यावर छापलेलं डोळे झाकून मानतात. तो बिचारा सलग ऐंशीसुद्धा देत नव्हता. मला लागतात तीनशे.

मंगेशचे वडील घनश्यामजी चाळीस वर्षं गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत. गेल्या उन्हाळ्यात लकव्याने त्यांचा डावा हात गेला, आणि ढोलकीची धूम, म्हणजे तिचा घुमणारा खर्जातला ठोका, वाजते ती डाव्या हातानेच. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्यात दंडार कशी उभी राहणार? त्यांची ढोलकी पूर्वी भंडाऱ्याला रेकॉर्ड करून ठेवली होती. ती गाडीवर लावू, नाचणारे त्यावर नाचतील, असं मंगेशने सुचवलं.

सरावाला त्याने सगळी बटणं शेवटापर्यंत पिळली. अ‍ॅम्प्लिफायरला धाप लागली, तो तुटकातुटका आवाज माझ्याकडे ढकलू लागला. माझी कॉइल तापली, जळका वास सुटला आणि मी रिकाम्या डब्यासारखा फडफडलो.

घनश्यामजी खाटेवरून उठले. "बंद कर. हे माही ढोलकी नोहे. असं वाजवाचं असन तं यंदा दंडारच नोको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडई चार दिवसांवर होती. मीच फुटलो असं समजून मंगेश मला बदलायला साकोलीला घेऊन गेला. तिथे गाड्यांचे साउंड बसवणारी हर्षा भेटली. किती कौतुक सांगू तिचं! तिने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीटर लावून माझे चार ओम मोजले, माझा पडदा दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबून आत काही घासतंय का ते ऐकलं.

"हा चांगला हाय," ती म्हणाली. "तुमी याले उपाशी ठेवून पोते उचलाले लावून राहिले."

चार ओमवर सलग तीनशे वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर तिने काढला. त्याच्या खोक्यावरचा आकडा लहान, म्हणून मंगेशचं तोंड पडलं. तिने लक्ष दिलं नाही. गेनचं बटण आवाज फाटेपर्यंत हळूहळू वर नेलं, मग थोडं मागे घेतलं, आणि हे आवाज वाढवायचं बटण नाही, याला हात लावायचा नाही, अशी तंबी दिली.

मंडईच्या आदल्या दुपारी घनश्यामजी डिकीशेजारी खुर्ची टाकून बसले. पहिली धूम पडली. इतका मोकळा मी जन्मात वाजलो नव्हतो. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आणि एकदम म्हणाले, "थांब. मांगं घे."

मंगेशचा चेहरा उतरला. माझंही धाबं दणाणलं. त्याने तेवढा भाग पुन्हा लावला.

"इथं माहा हात अर्धी मात्रा मांगं पडला," घनश्यामजी म्हणाले. "त्या रोजी बी मले वाटलं होतं, पन कोनाले समजलं नाही." आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "वाजू दे उद्या. चुकीसकट."

मंडई झाली, दंडार दणक्यात झाली. तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला काय पचतं ते आधी मोजून घ्या, एवढीच विनंती. माझं म्हणाल तर मी सुखात आहे. घनश्यामजी अजून रोज संध्याकाळी डिकीजवळ येऊन बसतात, आणि त्या जागी मी दर वेळी अर्धी मात्रा उशिरा वाजतो.