चेहरा देवलाचा

सकाळपासून हिरीबाईच्या जिवाला थारा नव्हता. मंगरूळपीरला नावाजलेल्या माणसांच्या चित्रांचं दालन उघडलं होतं आणि त्यात तिचंही चित्र लागलं होतं. आसेगावजवळच्या तांड्यावर चाळीस वर्षं बाळंतपणं केली, त्याचा हा मान. एसटीत तिनं तीनदा जागा बदलली.

"मावशी, बस ना एका जागी," भाची रीता वैतागली.

दालनातही तिचे पाय ठरेनात. कीर्तनकार, पहिलवान, मास्तर, सगळ्यांना मागं टाकत ती शेवटच्या भिंतीशी पोचली. रीतानं पाटी वाचली, "हिरीबाई राठोड, सुईण."

हिरीबाईनं वर पाहिलं. फाटलेली कानाची पाळी, जरासा तिरका ओठ.

"हे मी नोहो. हे तं देवला आहे!"

देवला तिची थोरली जाऊ. नाळ कशी कापायची, आडवं बाळ कसं फिरवायचं, सारं तिनंच शिकवलं होतं. तिचं नाव व्हायच्या आधीच ती वारली.

चित्रकार अनिसा धावत आली. तिला लसीकरण शिबिरातला दोघींचा एकच फोटो मिळाला होता. "माफ करा आजी, चुकून दुसराच चेहरा घेतला. हा पुसून तुमचा काढते."

"पुसू नोको!" हिरीबाई एवढ्यानं ओरडली, की लोक वळून पाहू लागले.

ती तरातरा दारापर्यंत गेली, पुन्हा आली, पदर सोडला, पुन्हा खोचला. देवलाचा दुसरा फोटो कोणाच्याच घरी नव्हता.

"नाव बदल," ती म्हणाली. "देवला लिव."

"मावशी, साऱ्या तांड्याले सांगून बसलो आपण," रीता कुजबुजली. "लोक पाहाले येतीन. काय सांगशीन त्याईले?"

"मले काय ठाऊक! हे मिटू दे आधी."

अनिसानं व्यवस्थापकाला फोन लावला. बोलणं लांबत गेलं, तशी हिरीबाई खिडकीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिली. अखेर परवानगी मिळाली. अनिसानं पाटीवर नवं नाव लिहिलं.

रीता घड्याळ पाहत होती. "चाल, गाडी निंघून जाईन."

"जाऊ दे." हिरीबाई चित्राला नाक लावून उभी होती. "पोरी, हिच्या हनवटीवर गोंदण होतं. ब्रश आण तुया."

अनिसानं हिरवा रंग कालवला.

"अखीन खाली," हिरीबाई म्हणाली. "तिथं नाही. जरा डावीकडं."